सुवर्णसीता की मायासीता?

रंगभूमीवर मेलेला राजा पडदा पडल्यावर उठून घरी जातो आणि मुलाबाळांत बसून जेवतो, यात कोणालाच नवल वाटत नाही. नवल वाटावे असा प्रकार अलीकडे याच्या अगदी उलट घडू लागला आहे. नट खरोखरीच हे जग सोडून गेलेला असतो, त्याच्या निधनाला पुष्कळ वर्षे लोटलेली असतात. आणि तरीही नव्याने काढलेल्या चित्रपटात तो पडद्यावर येतो, पूर्वी कधी न बोललेली वाक्ये बोलतो, पूर्वी कधी न भेटलेल्या नटांशी संवाद करितो. जुनी फीत पुन्हा दाखविली तर ती स्मृती होय; परंतु हे स्मृतीचे काम नव्हे. काम नवे आहे, आणि ते करणारा मनुष्य मात्र अस्तित्वात नाही. याचे कौतुक करावे की याला भ्यावे, असा प्रश्न चित्रपट पाहणाऱ्या कोणाही सुबुद्ध कुटुंबास पडल्यावाचून राहणार नाही.

या प्रकाराची गरज विशेषेकरून भासली ती विज्ञानकथांवरील चित्रपटांत. एखादी कथा लोकांस आवडली की तिचे पुढचे भाग निघतात. पुढचे सांगण्यासारखे संपले की कथाकार मागे वळतो आणि ‘हे सारे घडण्यापूर्वी काय घडले होते’ ते सांगू लागतो. पूर्वकथेची ही हौस एकट्या पाश्चात्त्यांची आहे असे नाही. रामायणातील बालकांड मागाहून जोडले गेले असावे, असे अनेक पंडितांचे मत आहे. कवीला यात अडचण नसते. लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी तो वृद्धाला बालक करू शकतो. चित्रपटकाराची गोष्ट निराळी. कथेतले पात्र तरुण व्हावयास हवे, आणि ते वठविणारा नट तर मधल्या काळात म्हातारा झालेला किंवा निवर्तलेला!

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. त्यात टार्किन नावाच्या एका निष्ठुर अधिकाऱ्याची भूमिका पीटर कुशिंग या इंग्रज नटाने केली होती. कुशिंग १९९४ साली वारले. डिसेंबर २०१६ मध्ये याच कथेची पूर्वकथा ‘रोग वन’ या नावाने पडद्यावर आली. तिचा शेवट पहिल्या चित्रपटाच्या आरंभाला जाऊन भिडतो. त्यामुळे टार्किनवाचून तिचे चालण्यासारखे नव्हते. तेव्हा गाय हेन्री या दुसऱ्या नटाकडून ती भूमिका करवून घेण्यात आली आणि त्याच्या चेहऱ्याच्या जागी संगणकाने घडविलेला कुशिंग यांचा चेहरा बसविण्यात आला. १९८४ सालच्या एका विनोदी चित्रपटासाठी कुशिंग यांच्या मुद्रेचा साचा घेतलेला होता, तो या कामी उपयोगी पडला. त्याच चित्रपटाच्या शेवटी राजकन्या लेया तिच्या तरुणपणीच्या रूपात क्षणभर दिसते. ती भूमिका मूळ करणाऱ्या कॅरी फिशर त्या वेळी हयात होत्या. परंतु चित्रपट प्रकाशित होऊन पंधरवडा लोटण्यापूर्वीच त्यांचे देहावसान झाले. पुढील भागांत त्यांची प्रतिमा यंत्राने घडविण्याचा आपला विचार नाही, असे निर्मात्या संस्थेने लवकरच जाहीर केले. आणि २०१९ सालच्या भागात त्यांची पूर्वी चित्रित होऊन शिल्लक राहिलेली दृश्येच उपयोगात आणली. एकाच संस्थेने एकदा चेहरा घडविला आणि एकदा हात आवरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशातही हे तंत्र येऊन पोहोचले आहे. २०२४ सालच्या ‘कल्की २८९८ ए. डी.’ या विज्ञानपटात अमिताभ बच्चन यांनी अश्वत्थाम्याचे काम केले. कुरुक्षेत्रावरील पूर्वप्रसंगात त्यांचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने तरुण करून दाखविला आहे. येथे नट स्वतः हजर होता. परंतु त्याच वर्षी तमिळ चित्रपटसृष्टीत, दिवंगत झालेले नट विजयकांत ‘द ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या चित्रपटात पुन्हा अवतरले. आणि ‘लाल सलाम’ या चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या व शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज पुन्हा निर्माण केले. त्यांच्या कुटुंबीयांची अनुमती घेऊन त्यांस योग्य तो मोबदलाही दिला, असे रहमान यांनी त्या वेळी आपण होऊन सांगितले.

दोन प्रतिमा

या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्याला परदेशी तत्त्वज्ञ शोधीत जाण्याचे कारण नाही. रामायणात सीतेच्या दोन प्रतिमा आहेत. युद्धकांडात इंद्रजित मायेने एक सीता निर्माण करितो, तिला रथावर आणून मारुतीच्या डोळ्यांदेखत तिचा वध करितो, आणि ती वार्ता ऐकून प्रत्यक्ष श्रीराम मूर्च्छित पडतात. ही मायासीता. पुढे उत्तरकांडात अश्वमेधाच्या वेळी सहधर्मचारिणीवाचून यज्ञ होईना, तेव्हा दुसरा विवाह न करिता रामाने सीतेची सुवर्णमूर्ती करवून आपल्या शेजारी बसविली. ही सुवर्णसीता. दोन्ही प्रतिमाच, कारागिरीत मायासीता कदाचित अधिक हुबेहूब असेल. भेद कारागिरीत नाही, हेतूत आहे. सुवर्णसीता सोन्याची आहे हे यज्ञमंडपातील प्रत्येकाला ठाऊक होते. तिने रिकामी जागा भरली, पण ती रिकामी आहे हे लपविले नाही. मायासीतेचे सारे सामर्थ्य मात्र पाहणारा फसण्यातच होते.

पडद्यावर परत आणलेला नट या दोहोंपैकी कोणत्या पंक्तीत बसतो, हेच खरे विचारावयाचे आहे.

सांगलीच्या बाहुल्या

हा विचार करण्यास सांगलीसारखे दुसरे योग्य ठिकाण नाही. विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखाली १८४३ साली सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ या आख्यानाचा प्रयोग केला, आणि तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ मानला जातो. ५ नोव्हेंबर हा रंगभूमिदिन त्याच स्मरणार्थ पाळतात. परंतु विष्णुदास हे केवळ नाटककार नव्हते; ते कुशल बाहुलीकारही होते. त्यांनी केलेल्या लाकडी बाहुल्या दीर्घकाळ टिकून राहिल्या, आणि शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्यांच्याकरवी ‘सीतास्वयंवर’ पुन्हा रंगमंचावर आणिले. ज्यांच्या हातांनी त्या कोरल्या ते विष्णुदास १९०१ साली गेले. बाहुल्या मात्र दुसऱ्याच्या बोटांवर पुन्हा नाचल्या.

विष्णुदासांच्या नाटकाची रीत आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. पद्ये सारी सूत्रधार म्हणावयाचा, आणि पात्रांनी त्या पद्यांस अनुसरून अभिनय करावयाचा व मग आपल्या मनाने गद्य भाषण करावयाचे. म्हणजे गळा एकाचा आणि देह दुसऱ्याचा, हा प्रकार आपल्या रंगभूमीच्या जन्मापासूनचा आहे. शिवाय सीतेचे सोंग पुरुषानेच घ्यावयाचे! पुढे चित्रपटात पार्श्वगायन आले आणि तीच रीत नव्या वेषात परतली. नागठाण्याला ज्यांचा अभिमान वाटतो त्या बालगंधर्वांच्या जीवनावर २०११ साली चित्रपट निघाला. त्यात देह सुबोध भावे यांचा होता आणि कंठ आनंद भाटे यांचा. दोघांपैकी कोणीही बालगंधर्व नव्हते, हे प्रत्येक प्रेक्षकास ठाऊक होते. तरी नाट्यगीत सुरू होताच वृद्ध मंडळींचे डोळे पाणावले. प्रेक्षक फसला नाही, तरी रसास बाध आला नाही. ही सुवर्णसीता होय.

पाध्ये घराण्यातील दुसरे एक उदाहरण याहूनही बोलके आहे. रामदासांचे वडील यशवंत केशव पाध्ये यांनी ‘अर्धवटराव’ हा बोलका बाहुला लोकप्रिय केला. वडिलांमागून मुलाने त्याला आवाज दिला. बाहुला तोच राहिला, बोलविता धनी मात्र बदलला. याच रामदासांनी १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ या मराठी चित्रपटासाठी तात्या विंचूचा बाहुला घडविला. मरणोन्मुख गुंड मंत्रबळाने आपला प्राण एका बाहुल्यात घालतो, ही त्या चित्रपटाची कल्पना लहान मुले आजही भीत भीत आवडीने पाहतात. त्यातील नायक लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी अकाली निवर्तले. आणि या कथेच्या तिसऱ्या भागात त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पडद्यावर आणावे, असा मनोदय दिग्दर्शक महेश कोठारे यांनी बोलून दाखविल्याचे प्रसिद्ध झाले. बाहुल्यात शिरलेल्या प्राणाची कथा सांगणाऱ्या चित्रपटावरच हा प्रसंग यावा, हा योगायोग विलक्षण खरा.

चेहरा कसा घडतो?

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. नाहीतर यंत्र म्हणजे जादू अशी भोळी समजूत होते. प्रथम दिवंगत नटाची शक्य तितकी छायाचित्रे व दृश्ये जमवितात आणि त्यांवरून त्याच्या मस्तकाची सर्व बाजूंनी पाहता येईल अशी प्रतिकृती संगणकात उभी करितात. मग त्याच्याच बांध्याचा दुसरा नट ती भूमिका करितो. त्याच्या भुवया, गाल, ओठ यांची बारीकसारीक हालचाल टिपून घेतात आणि ती प्रतिकृतीवर चढवितात. अलीकडे तर हजारो चित्रे दाखवून यंत्रालाच तो चेहरा शिकविता येतो. आवाजाचेही तसेच: एक जिवंत गायक गातो आणि त्याच्या गाण्यावर गेलेल्या गायकाच्या कंठाचा पोत चढविला जातो. म्हणजे येथेही कोणीतरी जिवंत मनुष्य आत असतोच. नाटकात मुखवट्यामागे नट असतो. येथे मुखवटा इतका पातळ झाला आहे की नट दिसेनासा होतो, आणि बहुधा त्याचे नावही कोणाच्या लक्षात राहत नाही.

इतके करूनही कोठेतरी उणे राहते. मासाहिरो मोरी या जपानी यंत्रशास्त्रज्ञाने १९७० सालीच असे मांडले होते की, कृत्रिम आकृती माणसासारखी होऊ लागली की आपल्याला ती आवडू लागते; पण ती जवळजवळ माणूसच वाटावी आणि तरी किंचित उणी असावी, अशा टप्प्यावर मात्र ती पाहून अंगावर शहारा येतो. लाकडाच्या बाहुलीला आपण भीत नाही. अर्धवट जिवंत वाटणाऱ्या डोळ्यांना भितो. १९७९ सालच्या ‘एलियन’ या चित्रपटातील यंत्रमानव वठविणारे इयन होल्म २०२० साली वारले, आणि २०२४ सालच्या ‘एलियन : रोम्युलस’ मध्ये त्यांचा चेहरा पुन्हा घडविण्यात आला. कुटुंबीयांची अनुमती होती, पात्रही यंत्रमानवाचेच होते. तरीही पुष्कळ प्रेक्षकांस तो चेहरा खटकला.

सीतेला कोणी विचारले होते काय?

येथे सुवर्णसीतेच्या गोष्टीतही एक काटा आहे, तो दडविता येणार नाही. मूर्ती आदराने केली, कोणास फसविले नाही, हे सर्व खरे. पण सीतेला कोणी विचारले होते काय? ती त्या वेळी वाल्मीकींच्या आश्रमात जिवंत होती. तिचे रूप यज्ञास हवे होते, ती स्वतः मात्र वनात होती. आजच्या नटनटींची तक्रार याहून फारशी वेगळी नाही.

आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा, ८ सप्टेंबर १९३३ चा. सत्तरांहून अधिक वर्षांच्या रियाजाने व श्रमाने कमावलेला त्यांचा आवाज यंत्राला शिकवून कोणालाही त्या आवाजात गाता यावे, अशी साधने काही परदेशी कंपन्यांनी बाजारात आणली. आशाताईंनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस न्यायालयाने त्यांच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. प्रसिद्ध व्यक्तीच्या अनुमतीवाचून तिचा आवाज कोणालाही वापरता येईल असे साधन उपलब्ध करून देणे हे तिच्या व्यक्तित्वाच्या हक्काचे उल्लंघन होय, असा त्याचा आशय आहे. याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांनाही असेच संरक्षण दिले होते.

जिवंत माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येते, गेलेल्याचे काय? जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, दिवंगत नट सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांनी लावलेल्या दाव्यात, हे हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतात, ते वारसांकडे येत नाहीत, असे मत नोंदविले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने मात्र २०२४ साली कायदा करून, मृत कलावंताची यांत्रिक प्रतिकृती वापरावयाची तर वारसांची संमती आवश्यक ठरविली. हा कायदा आपोआप आलेला नाही. २०२३ साली तेथील नटांनी ११८ दिवस संप केला, त्यातील एक मोठी मागणी हीच होती: आमचे रूप आमच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून वापरू नका.

वारसांची संमती हाही पुरता उपाय आहे असे समजू नये. मुलाने वडिलांच्या चेहऱ्याला होकार दिला, पण ती भूमिका वडिलांनी स्वीकारली असती काय? अमुक संवाद मी बोलणार नाही असे म्हणून नाटक सोडणारे नट आपल्या पिढ्यांनी पाहिले आहेत. भूमिका नाकारणे हाही नटाच्या कलेचाच भाग आहे. यंत्राने घडविलेला नट कशालाही नाही म्हणत नाही. त्याच्यात आणि मूळ मनुष्यात सर्वांत मोठे अंतर पडते ते येथे.

लमाणाचे ओझे

आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. डॉ. श्रीराम लागू यांचा जन्म १९२७ साली साताऱ्यास झाला. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’ मधील अप्पा बेलवलकरांची भूमिका प्रथम त्यांनी केली, आणि ती इतकी गाजली की अप्पा म्हणजे लागू असे समीकरणच होऊन बसले. तरी पुढे ती भूमिका दत्ता भट यांनी केली, यशवंत दत्त यांनी केली, आणि २०१६ साली पडद्यावर नाना पाटेकर यांनी केली. प्रत्येकाचा अप्पा निराळा. कोणाचा श्रेष्ठ यावर घराघरांतून वाद झाले, आणि त्या वादांनीच ते नाटक जिवंत ठेविले.

डॉ. लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ असे नाव दिले. लमाण म्हणजे एका गावचा माल दुसऱ्या गावी वाहून नेणारा. माल त्याचा नव्हे. वाहण्याचे श्रम त्याचे. या शब्दात नटाच्या धर्माचे मर्म आहे. एक लमाण थकला, गेला, तर दुसऱ्याने ते ओझे खांद्यावर घ्यावे आणि वाट पुढे चालावी. आता कल्पना करा की गेलेल्या लमाणाचीच छाया ओझे वाहू लागली. माल पोहोचेल, पण वाटेवर नवा मनुष्य येणार नाही. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या एखाद्या शाळेच्या संमेलनात पहिल्यांदाच तोंडाला रंग लावून उभा असलेला मुलगा उद्या ज्या भूमिकेची आस धरील, ती भूमिका आधीच एका अमर चेहऱ्याने अडवून ठेविलेली असेल. जुने नट कितीही थोर असोत, त्यांनी नव्यांची जागा अडवावी असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नसते. गंधर्वांनंतर गाणारा दुसरा कोणी झालाच नाही असे म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. परंतु त्यांच्या नातवाला स्वतःचा गंधर्व शोधण्याचा अधिकार आहे.

निरोपाची रीत

म्हणून या तंत्राला सरसकट नावे ठेवावीत असे आमचे म्हणणे नाही. सदोष जुनी फीत दुरुस्त करणे, अर्धवट राहिलेल्या चित्रपटातील एखादा प्रसंग पुरा करणे, पूर्वकथेत परिचित पात्राचे क्षणभर दर्शन घडविणे, यांत अधर्म नाही. मात्र तीन गोष्टी पाळल्या गेल्या पाहिजेत. पहिली, नटाने हयात असताना दिलेली संमती. कलावंतांनी करारपत्रात, आणि त्याहूनही मृत्युपत्रात, आपल्या चेहऱ्याविषयी व आवाजाविषयी दोन ओळी स्पष्ट लिहून ठेवाव्यात. घरदार आणि दागिने यांची वाटणी लिहिणारा मनुष्य आपल्या स्वराची वाटणी का लिहू नये? दुसरी, प्रतिमा ही प्रतिमा आहे, हे प्रेक्षकास ठळकपणे सांगणे, आणि आत राबलेल्या जिवंत नटाचे नाव तितक्याच ठळकपणे देणे. तिसरी, मर्यादा. क्षणभराचे दर्शन निराळे आणि गेलेल्या माणसाला कायमचे नोकरीस ठेवणे निराळे.

या तिसऱ्या गोष्टीत आपली परंपरा जगाला काही शिकवू शकेल. विष्णुदासांच्या नाटकाच्या आरंभी प्रथम गणपती येत असे. त्याच गणपतीची मातीची मूर्ती आपण दरवर्षी घरी आणतो, तिची प्राणप्रतिष्ठा करितो, तिच्याशी घरच्या माणसासारखे बोलतो. आणि ठरलेल्या दिवशी डोळ्यांत पाणी असताही तिचे विसर्जन करितो. मूर्ती फार सुंदर झाली म्हणून कोणी तिला वर्षभर मखरात बसवून ठेवीत नाही. रूप उसने घ्यावे, त्यात भाव ओतावा, आणि वेळ झाली की ते कृष्णेच्या पाण्यात सोडून द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या मातीला जागा होते. चेहरे घडविण्याची विद्या आता सर्वांना साध्य होऊ लागली आहे. ते योग्य वेळी सोडून देण्याची विद्याही शिकलो, तरच पडद्यावरील सीता सुवर्णाची राहील.